माझ्या अस्तरातला श्वास

मी एका संगीत नाटकातला हिरवा कोट बोलतोय. घराबाहेर काढलेली माणसं एका पडक्या गोदामात एकत्र संसार थाटतात आणि त्यातले दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात पडतात, असं ते नाटक.

मला शिवलं नाटक मंडळीच्या शिंप्याने, नायकाच्या मापाने. माप घ्यायला त्याला टेप लागली नाही. दोघं कितीतरी वर्षं एकाच खोलीत राहत होते. मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. रंगभूषा करणाऱ्या दाढीवाल्या म्हाताऱ्याला सगळे 'आई' म्हणायचे, आणि आई दोघांवर सारखीच ओरडायची.

मग नायक तापाने गेला. दवाखान्यात विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" शिंपी म्हणाला, "मित्र." मित्राला शेवटपर्यंत आत सोडलं नाही.

त्यानंतर मला कुणीही घातलं, तरी प्रेमगीताच्या दुसऱ्या कडव्याआधी माझी छाती आपोआप फुगायची. नायक तिथेच श्वास घ्यायचा. नवा नट घाबरून मला फेकून पळाला. पुन्हा कुणी हात लावेना.

पुढच्या प्रयोगाआधी नायकाचा धाकटा भाऊ आला. "दादाच्या वस्तू न्यायच्यात. तुम्ही त्याचे कोण?"

शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने एकेक काढून ठेवली.

"नवरा," तो म्हणाला. "आणि कोट आज मिळायचा नाही. आज मी घालणार आहे."

"अरे, पण तुला गाता येतं का?" आई हबकली.

"मशीनवर बसून रोज गातोच की!"

गायला. सूर जरा हलला. दुसऱ्या कडव्याआधी मी फुगलो, आणि शिंप्याच्या आधी दुसऱ्याच कुणीतरी श्वास घेतला. पहिल्या रांगेतला भाऊ ताडकन उभा राहिला. लहानपणी एका अंथरुणात त्याने तो श्वास ऐकला होता.

पडदा पडल्यावर तो आत आला. "मी तुम्हाला काय म्हणू? वहिनी तर म्हणता येत नाही."

"म्हण की. इथे आईलासुद्धा दाढी आहे."

तो हसता हसता रडला. मग हळूच म्हणाला, "दादा."

शिंप्याने 'ओ' दिली. माझ्या अस्तरातूनही एक 'ओ' आली. दोघांनीही ऐकली.

आता ते नाटक बंद झालंय. कोपरांवर विरलोय, शिंप्याच्या खोलीत खुंटीवर असतो. भाऊ येतो तेव्हा स्वतःचा कोट माझ्याशेजारी अडकवतो. माझं मागणं एवढंच आहे. झटका, ऊन दाखवा, पण मला धुवायला टाकू नका. आत अजून माणूस आहे.