हळदीकुंकू लावलेली डीव्हीडी

माझ्या सासूबाई थापा मारत नाहीत. त्या फक्त वाढवून सांगतात. वाईच्या बाजारात घेतलेली पावशेर मिरची घरी पोचेपर्यंत अर्धा किलो होते आणि घाटावर दिसलेलं मांजर चहा होईपर्यंत बिबट्याचं पिल्लू होतं. त्यामुळे त्या "मी सिनेमात काम केलंय" म्हणाल्या की आमच्याकडे कुणी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढत नसे. सासरे होते तोवर त्यांना "आमची हिरॉइन" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

गोष्ट अशी होती. वाईला कृष्णेच्या घाटावर एका मोठ्या हिंदी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. प्रभाताई, म्हणजे माझ्या सासूबाई, पायऱ्यांवर कपडे धूत होत्या. नायिका सकाळपासून उन्हात रडण्याचा सीन करत होती. सासूबाईंना राहवेना. त्या पिळलेला पदर खांद्यावर टाकून सरळ तिच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "पोरी, जेवलीस का?" कॅमेरा चालू होता. त्या बिचारीने सासूबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि डायरेक्टर ओरडला, हाच शॉट ठेवा.

सिनेमा वाईच्या थिएटरात लागला तेव्हा घरात सुतक होतं, म्हणून सासूबाईंना जाता आलं नाही. जे गेले त्यांना त्या दिसल्या नाहीत. पुढे केबलवर सिनेमा लागला, तेव्हाही तो सीन नव्हता. झालं. सिनेमा हे सासूबाईंचं दुसरं बिबट्याचं पिल्लू ठरलं.

डीव्हीडीची गोष्ट इंटरनेटवरून घरबसल्या सिनेमे बघायचे दिवस आले नव्हते तेव्हाची. आम्ही जर्मनीत एर्लांगेनला राहायचो. जयंत एका मेडिकल टेक्नॉलॉजीच्या कंपनीत इंजिनियर, मी युनिव्हर्सिटीत अर्धा दिवस कामाला, आणि अन्वी दुसरीत. अन्वीला मराठी सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की जर्मन. सासूबाई तीन महिने राहायला आल्या होत्या. रोज दुपारी ती शाळेतून आली की त्या विचारायच्या, "अन्वी, जेवलीस का?" अन्वी बूट काढता काढता म्हणायची, "नोख निष्ट, ओमा." मग सासूबाई माझ्याकडे बघायच्या, "काय म्हणाली गं?" मी सांगायचे, 'अजून नाही, आजी' म्हणतेय. आजी आणि नात एकाच टेबलाशी बसायच्या आणि मधे मी, कायमची. सासूबाईंना ते लागायचं. मला दिसायचं आणि मला अन्वीचा रागही यायचा.

त्यांच्या परतीच्या आठवड्यात जयंत पेट्रोल भरायला गेला आणि एक डीव्हीडी घेऊन आला. त्या काळात जर्मन टीव्हीवर हिंदी सिनेमे जर्मनमध्ये डब करून दाखवत आणि इथल्या बायका रुमाल घेऊन ते बघत. हा त्यातलाच एक होता. नाव काहीतरी 'डाइन हेर्त्स आम फ्लुस', म्हणजे नदीकाठी तुझं हृदय. वर नायिकेचा फोटो आणि मागे घाट.

"आई, हा तुझा पिक्चर," जयंत म्हणाला. "अनकट. एकही सीन कापलेला नाही असं लिहिलंय."

सासूबाईंनी ते पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

ती डीव्हीडी साधी नव्हती. वापरून फेकायची होती. हवाबंद पाकिटात असायची, दोन दिवस चालायची आणि मग आपोआप काळी पडून बंद. परत द्यायला दुकानात जायला नको. जयंतने आईला ते समजावून सांगितलं, "दोनच दिवस चालते, म्हणून शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना बोलावून एकदमच बघू." इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या चार घरांना आमंत्रणं गेली. रविवारी सासूबाईंचं म्युनिकहून विमान होतं.

"अन्वी असेल ना समोर?" सासूबाईंनी मला दोनदा विचारलं. बाकी कुणी विश्वास ठेवो न ठेवो, नातीने एकदा बघावं एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, "अहो आई, तिला खुर्चीला बांधून ठेवते."

शनिवारी सकाळी मी देवासमोर दिवा लावायला गेले आणि दिवा तसाच हातात राहिला. आमच्या देवघरात, म्हणजे बुकशेल्फच्या वरच्या कप्प्यात, बाळकृष्णाच्या पुढ्यात डीव्हीडी ठेवलेली होती. पाकिटाबाहेर. तिला हळदीकुंकू वाहिलेलं होतं, वर, जास्वंद मिळत नसल्यामुळे, जिरेनियमचं फूल होतं, आणि ती पिकल्या जांभळासारखी झाली होती.

"आई, ही कधी उघडली तुम्ही?"

"गुरुवारी," सासूबाई म्हणाल्या. "नवीन वस्तू घरात आली की देवापुढे नको का ठेवायला? आणि गुरुवार चांगला."

"सकाळी की संध्याकाळी?"

"पूजेच्या वेळी, सकाळीच. का गं?"

मी जयंतला हाक मारली. तो दात घासत आला आणि ब्रश तोंडात ठेवूनच उभा राहिला. ही डीव्हीडी लावल्यापासून दोन दिवस चालत नाही, पाकीट फोडल्यापासून चालते, हवा लागली की काळी पडायला लागते, हे इंजिनियरसाहेबांनी आईला सांगितलं नव्हतं. इतक्या मोठ्या मशीनचे मॅन्युअल लिहिणारा माणूस, पण घरात अर्धंच वाक्य बोलतो.

"तशी थोडा वेळ वर टिकेल," तो म्हणाला. "नक्की सांगता येत नाही. आणि आई, तू कुंकू लावलंस ती वाचायची बाजू आहे गं."

"चकचकीत बाजू ती तोंडाची ना? मग कपाळ तिकडेच असणार," सासूबाई म्हणाल्या. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यांना हळूहळू कळलं. त्या सोफ्याच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मीच घालवली." एवढंच. त्यांचा चेहरा बघून मला भांडायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी जयंतला पेट्रोलपंपावर पिटाळलं. तो हात हलवत परत आला. शेवटची तीच होती आणि ते लोक आता ठेवणारही नव्हते.

"मग आत्ताच बघायची," मी म्हटलं. "सगळ्यांना फोन कर. जे असेल ते घेऊन या म्हणावं."

जयंतने डीव्हीडी भांड्यांच्या साबणाने धुतली, चष्म्याच्या फडक्याने पुसली आणि फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीवर ठेवली. "थंडीत रिअ‍ॅक्शन स्लो होते," तो म्हणाला. त्याला आता फार महत्त्व आलं होतं.

तासाभरात माणसं जमली. कुणी कुकरसकट वरणभात आणला, कुणी अर्धवट लाटलेल्या पोळ्या आणून आमच्या गॅसवर भाजल्या. गुरुदत्त आले. गुरुदत्त म्हणजे मंडळाचे सिनेमातज्ज्ञ. बसायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "काकू, वाईट वाटून घेऊ नका, पण मी हा पिक्चर थिएटरात सात वेळा पाहिलाय. असा सीन नाही त्यात."

"असेल तर दिसेल," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती. सिनेमात घाटावर धुणं धुताना दिसणाऱ्या बाईने बघायला तरी नीट यावं, असं त्यांचं म्हणणं.

सिनेमा सुरू झाला. सरळ त्या सीनवर जावं असं मी म्हटलं, पण मधूनच कसा लावायचा म्हणून सगळ्यांनी मला गप्प केलं. पहिलं गाणं लागलं तशी सगळे गायला लागले. गाणी हिंदीतच होती, बोलणं तेवढं जर्मन. नायक आपल्या आईच्या पाया पडून अगदी ऑफिसातल्या जर्मनमध्ये बोलायला लागला आणि जयंत हसून हसून सोफ्यावरून खाली आला.

बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनर. दुपारची वेळ ही इथे शांततेची वेळ, तेव्हा खिळा ठोकणंसुद्धा गुन्हा, आणि आम्ही तर वीस माणसं गात होतो. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावरून टीव्हीकडे गेलं होतं.

"आल्झो, असं होय तर," त्या म्हणाल्या. "हा मला माहितीये. टीव्हीवर मी अर्धाच पाहिला, माझी बहीण आली होती." आणि त्या चपला काढून आत येऊन बसल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच. मंडळातल्या नीताने त्यांच्या हातात वरणभाताची वाटी दिली.

आणि तेवढ्यात चित्र अडकलं. नायिकेच्या तोंडाचे चौकोन झाले, आवाज तुटला, पडदा निळा झाला. जयंतने डीव्हीडी बाहेर काढली तर ती जांभळाच्याही पुढे गेली होती. त्याने ती पळत जाऊन पुन्हा मटारावर ठेवली. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"जाऊ दे रे जयंता," त्या म्हणाल्या. "लोकांना जेवायला वाढ."

मला एकदम रडायला आलं. बिबट्याचं पिल्लू असो नाहीतर मांजर, मला तो सीन बघायचा होता.

"गुरुदत्त," मी म्हटलं, "सात वेळा पाहिलाय ना तुम्ही? इंटरव्हल कुठे होतं ते सांगा. डायरेक्टरने आईंना सांगितलं होतं, त्यांचा सीन त्यानंतर लगेच आहे."

"हीरो ट्रेनमधून उतरतो, पाऊस, आणि इंटरव्हल," ते ताबडतोब म्हणाले. मग एकदम थांबले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "इंटरव्हलनंतर लगेच?"

"हो. का?"

"मी दर वेळी सामोसे घ्यायला जायचो," गुरुदत्त म्हणाले. "रांग मोठी असायची."

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की बिचारे खुर्चीत खाली सरकले. वाईच्या लोकांचंही तेच झालं असणार. सगळं गाव वड्यांच्या रांगेत आणि सासूबाई पडद्यावर.

जयंतने थंडगार डीव्हीडी आणली, पुसली, आत सरकवली. मशीन घरघरलं. बराच वेळ नुसतंच घरघरत राहिलं. मग चित्र आलं. त्याने पटापट पुढे नेलं, ट्रेन, पाऊस, "बस, इथे!" गुरुदत्त म्हणाले, आणि पडद्यावर कृष्णेचा घाट उघडला. नायिका पायरीवर रडत बसली होती.

उजवीकडून एक बाई आली. काळेभोर केस, खांद्यावर पिळलेला पदर, चालायची ढब अगदी तीच, डावा पाय जरा बाहेर टाकत. ती वाकली आणि म्हणाली, "किंड, हास्त डू शोन गेगेसन?"

नायिकेने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"ओमा!" अन्वी टीव्हीच्या काचेपर्यंत गेली. "दास इस्ट माइने ओमा!"

फ्राऊ लिंडनर एकदा पडद्याकडे, एकदा नारायणपेठीकडे बघत म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी तीच." मग एकच गोंधळ झाला. जयंत आईच्या गळ्यात पडला. खांद्यावर डोकं ठेवण्याचा जो भाग वाढवून सांगितलेला असणार अशी माझी खात्री होती, तोसुद्धा खरा निघाला. मी टाळ्या वाजवत होते आणि डोळे पुसत होते.

एकट्या सासूबाई गोंधळल्या होत्या. "आवाज माझा नाही हा," त्या म्हणाल्या. "आणि मी बोलतेय काय? अगं ऊर्मिला, काय बोलतेय मी?"

मी सांगायला तोंड उघडलं. पण अन्वी माझ्या आधी वळली. ती आजीच्या गुडघ्यांना धरून उभी राहिली, शब्द शोधत जरा थांबली, आणि म्हणाली, "आजी, तू विचारते... जेवलीस का. तू टीव्हीत पण तेच विचारते."

पहिल्यांदाच मधे मी नव्हते.

तो सीन आम्ही पुन्हा लावला, आणि पुन्हा. जयंतने कॅमेऱ्याने फोटो काढला, त्यात फ्लॅशचा पांढरा गोळा नेमका सासूबाईंच्या तोंडावर आला. फ्राऊ लिंडनरनी सासूबाईंना ते वाक्य शिकवलं. सासूबाईंनी अन्वीला खरं वाक्य शिकवलं, वाईचा हेल काढून. शेवटी एकदा सासूबाई पडद्यावर वाकल्या, चौकोन चौकोन झाल्या आणि गेल्या. जयंतने डीव्हीडी काढली तेव्हा ती तव्यासारखी काळी होती.

"आता वाईत कोण विश्वास ठेवणार?" जयंत म्हणाला. "पुरावाच गेला."

"न ठेवू देत," सासूबाई म्हणाल्या. "मला जिला दाखवायचं होतं तिने बघितलं." त्यांनी ती काळी तबकडी जयंतच्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि परत बाळकृष्णाच्या पुढ्यात ठेवून दिली. ती अजून तिथेच आहे.

माणसं पांगली तेव्हा अन्वी गालिच्यावर आडवी झाली होती. सगळ्यांना वाढण्याच्या नादात तिला कुणी ताट दिलंच नव्हतं. सासूबाईंनी पदर खांद्यावर टाकला, वाकल्या आणि सावकाश, एकेक शब्द सांभाळत म्हणाल्या, "किंड, हास्त डू शोन गेगेसन?"

अन्वीने डोळे उघडले.

"नाही जेवले, आजी," ती म्हणाली. "तूच वाढ."

सासूबाईंनी मला हाताने बाजूला केलं आणि स्वतः भात गरम करायला गेल्या.