संस्कृत विभागातली समोरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. जिच्यासाठी भांडणं होतात ती मी नव्हे हं. ती टेबलापलीकडे असते, तिला हात असतात, गादी असते. मी अलीकडची, विचारायला आलेल्यांची. संस्कृत विभागाच्या बाईंसमोर माझा सगळा जन्म गेला, आणि खरं सांगू का, आता मी दमलेय.

माझा एक पाय पहिल्यापासून तोकडा आहे. सुताराला घाई होती. "तीन तर नीट आहेत ना," म्हणाला आणि रंग फासून मोकळा झाला. तेव्हापासून माझ्यावर जो बसतो, तो डुगडुगतो. कुणी कधी तक्रार केली नाही. विचारायला आलेला माणूस खुर्चीबद्दल काय बोलणार?

निकाल लागले की माझ्या डोक्याला ताप सुरू व्हायचा. आया, बाबा, मामा, थोरले भाऊ येऊन बसायचे. ज्याला शिकायचं ते पोर बिचारं मागे उभं. माणसं निराळी, प्रश्न एकच. "संस्कृत घेऊन पुढे काय?"

बाईंचं उत्तरही एकच. ते ऐकून ऐकून मला इतकं पाठ झालंय की बाई रजेवर असत्या तर मीच सांगितलं असतं. आधी बी.ए., मग एम.ए. शाळेत शिकवायचं तर बी.एड. जोडा. कॉलेजात शिकवायचं तर पात्रता परीक्षा द्या, पीएच.डी. करायची तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे दर सणासमारंभाला 'झाली का' म्हणून विचारणार नाहीत. जुनी हस्तलिखितं वाचायची हौस असेल तर लिप्यांचा वेगळा डिप्लोमा आहे. भाषाशास्त्राकडे वळता येतं, भाषांतराकडे वळता येतं, हल्ली कॉम्प्युटरला भाषा शिकवणाऱ्यांनाही व्याकरण येणारी माणसं लागतात. नोकरी सांभाळून शिकायचं तर संध्याकाळचा सर्टिफिकेट कोर्स आहेच.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण शेवटी चष्मा काढून त्या म्हणायच्याच, "पगार उशिरा सुरू होतो आणि हळू वाढतो. आत्ताच सांगते, मागाहून मला बोल लावू नका." हे ऐकलं की निम्मी माणसं उठायची. उरलेली 'विचार करून कळवतो' म्हणून उठायची.

त्यातूनही एखादं पोर टिकलं, तर बाई त्याला माझ्यावर बसवून एक पुस्तक पुढे करत. शाळेत कधी न लागलेलं पान उघडत आणि म्हणत, "वाच, आणि काय कळलं ते सांग." पैकीच्या पैकी मार्क मिळवलेली मुलं त्या पानाकडे बघत बसायची. मग हळूच म्हणायची, "हा धडा आम्हाला नव्हता." त्यांचा तरी काय दोष? शाळेत संस्कृत घेतलं ते मार्क मिळतात म्हणून, आणि भाषांतरं घोकली होती घरच्यांनी सांगितलं म्हणून. बाई त्यांनाही घ्यायच्या, प्रेमाने शिकवायच्या. पण मुलं दरवर्षी कमीच होत गेली.

शेवटच्या वर्षी प्राचार्य स्वतः येऊन माझ्यावर बसले. "बाई, यंदा निदान एक मूल तरी वाढवा. नाहीतर पहिल्या वर्षाचा वर्ग उघडता येणार नाही. आणि तो नाही उघडला, की मग विभाग..." पुढे ते नुसते डुगडुगले. जाताना दारातून म्हणाले, "आणि ते पगाराचं पुराण जरा आवरा."

दुसऱ्याच दिवशी एक मुलगी आली, बरोबर आत्या. आत्या नर्स होती. रात्रपाळी उरकून थेट आलेली, डोळे तांबारलेले, पण तोंडाला विश्रांती नव्हती.

"मॅडम, तुम्हीच काढा हिच्या डोक्यातून. मार्क बघाल तर यथातथाच, आणि म्हणते संस्कृतच करणार. माझा भाऊ हिच्यापुढे बोलत नाही. मलाच पुढे केलंय, दे हिला समजावून म्हणून."

बाईंनी आत्याला उठवलं आणि मुलीला बसवलं. पान उघडलं. मुलगी अडखळत वाचू लागली.

"हत्तीने राजाला विकलं," ती म्हणाली, आणि स्वतःच फिसकन हसली. "असं कसं होईल? थांबा हं." बोट ठेवून तिने ओळ पुन्हा वाचली, शब्दांच्या टोकांचे प्रत्यय नीट बघितले. "राजानेच हत्ती विकलाय. पण पुढच्या ओळीत हत्ती रडतोय आणि राजाही रडतोय. मग विकला कशाला?" आणि कुणी न सांगता तिने पान उलटलं.

बाईंनी पुस्तक तिच्याकडे आणखी सरकवलं. मला कळलं. असं पोर त्या किती वर्षं शोधत होत्या ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मी मनात म्हटलं, चला, विभाग वाचला.

"तू इथे येऊ नकोस," बाई म्हणाल्या.

मुलीने पानावरचं बोट उचललं.

"इथे मी एकटी आहे. व्याकरण मी, नाटक मी, दर्शनं मी, आणि कपाटं पुसते तीही मीच. तुला व्याकरणाला वेगळं माणूस हवं, लिप्यांना वेगळं. मोठ्या विद्यापीठात जा. बी.ए. तिथेच कर, जोडीला भाषाशास्त्र घे."

"अहो मॅडम," आत्या उसळली, "नको म्हणा म्हणून आणलं हिला तुमच्याकडे!"

"नकोच म्हणतेय की."

"हे कसलं नको? हे तर आणखी लांबचं 'हो' झालं!"

"वसतिगृह चांगलं आहे. मी बोलते तिथे," बाई म्हणाल्या, आणि पगाराचंही न चुकता सांगितलं.

मला बाईंचा इतका राग आला, की काय सांगू. हातातोंडाशी आलेला घास कुणी असा दुसऱ्याला देऊन टाकतं का?

वर्ग उघडला नाही. बाईंना जिन्याखाली परीक्षा विभागात बसवलं आणि आमच्या खोलीत कागदांची खोकी रचायचं ठरलं. शिपाईकाकांनी आधी टेबल नेलं, मग हातांची खुर्ची. बाई शेवटची पुस्तकं बांधत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. टेकायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या माझ्यावर बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

फोनवर ती मुलगी होती. "बाई, इथे व्याकरणाला खरंच वेगळे सर आहेत! आणि हत्तीची गोष्ट पूर्ण सापडली मला. वाचू?"

"वाच," बाई म्हणाल्या. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदा म्हणाल्या, "घाई नको." फोन ठेवून डोळे पुसायला पदर शोधताना त्या हलल्या आणि डुगडुगल्या. पुन्हा हलून बघितलं. मग खाली वाकून माझा पाय बघितला.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या, "आणि मला वाटायचं, पोरं घाबरून हलतात."

त्यांनी खोक्याचा पुठ्ठा फाडला, घडी घातली आणि जमिनीवर बसून माझ्या पायाखाली पुस्तकांच्या सुतळीने घट्ट बांधली.

माझा राग तिथेच संपला. आता मी बाहेर व्हरांड्यात असते. कुणी माझ्यावर पिशवी ठेवतं, कुणी पाय ठेवून बुटाची नाडी बांधतं. दिवस जातो कसाबसा. एवढंच मागणं आहे: 'संस्कृत घेऊन पुढे काय' असं विचारत कुणी आलंच, तर जिन्याखालून बाईंना हाक मारा. त्या येईपर्यंत त्या पोराला माझ्यावर बसवा. आता मी हलत नाही.