पॅकहॉर्समधला विस्तव

हेस्टर दवाखान्यातून परतली ती कोटही न काढता पबच्या मोठ्या शेकोटीपाशी गेली. आत नुसती गार राख होती.

माळमाथ्यावरचा 'पॅकहॉर्स' पब तिच्या पणजोबांपासून घराण्याकडे होता. माळावरून खणून आणलेल्या पीटच्या, म्हणजे वाळवून जाळायच्या दलदलीतल्या मातीच्या, ढेपांचा तिथला विस्तव तेव्हापासून कधी विझला नाही, असं गाव अभिमानानं सांगायचं. रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचे, सकाळी फुंकर घालून फुलवायचे. स्वतःच्या लग्नाच्या सकाळीही हेस्टरनं ते चुकवलं नव्हतं.

तिचा नवरा विल्फ दारातच थबकला होता. "तुझं ऑपरेशन लांबलं, मग बर्फानं रस्ता बंद," तो म्हणाला. "कुणाला फोन करून सांगायला हवं होतं. पण तुझ्याजवळ बसलो असताना डोक्यातच आलं नाही गं."

"तू तरी काय करणार," एवढंच बोलून ती बाकावर टेकली. तिला वडील आठवले. अंथरुणाला खिळल्यावरही ते रोज विस्तवाची चौकशी करायचे.

दुपारी एमॉस आला. नव्वदीतला मेंढपाळ, रोजचं गिऱ्हाईक. त्यानं राखेकडे पाहिलं, मग हेस्टरच्या चेहऱ्याकडे.

"तुझ्या बापाच्या हातूनही विझला होता, पोरी."

"काहीतरीच काय, काका."

"तू जन्मलीस तेव्हा. तुझ्या आईचं काही खरं नव्हतं. तो वर तिचा हात धरून बसलेला, खाली कोण बघतंय? सकाळी मी दूध घेऊन आलो, तर शेकोटी थंडगार. तुला छातीशी धरूनच तो खाली आला, काडी ओढली आणि म्हणाला, एमॉस, कुठं बोललास तर तुझी बिअर बंद."

"म्हणून इतकी वर्षं गप्प बसलात?"

"बिअर चांगली होती ना."

हेस्टर हसली. हसता हसताच तिचे डोळे भरून आले. तिनं काड्यापेटी विल्फच्या हातात दिली. "लाव तू."

ढेपा दमट होत्या. विल्फ खोकून खोकून बेजार झाला, एमॉस बसल्या जागेवरून त्याला नावं ठेवत राहिला. अखेर जाळ धरला.

संध्याकाळी माळ तुडवून आलेल्या एका पाहुणीनं विचारलं, "हा विस्तव खरंच कधी विझला नाही?"

"विझला की, याच आठवड्यात," ग्लास भरत हेस्टर म्हणाली. "माझा नवरा माझ्या उशाशी बसला होता."

विल्फचे कान लाल झाले. तो उगाचच टेबल पुसायला लागला.