अकरा दिवसांचा उपास

मी एक जुनी, म्हातारी मासोळी आहे. अंगाने बोटभर आणि रंगाने गढूळ पाण्यासारखी. काचेच्या पेटीपुढे उभी राहणारी माणसं आधी माझ्या नवऱ्याकडे बघायची, कारण त्याच्या कल्ल्यांवर निळं-सोनेरी ऊन खेळायचं. मग कधीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारायची, ‘ही करडी कोण?’ मित्रांनो, याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्या दयाळू देवाने मला रंग दिला नाही, पण तोंड दिलं. आमच्या जातीत आई अंडी तोंडातच सांभाळते. तिथेच ती फुटतात, तिथेच पिल्लांना डोळे येतात. ती बाहेर पडेपर्यंत आई अन्नाला शिवत नाही. घास गिळायला गेली तर लेकरंच पोटात जायची!

माझा जन्म मन्सूरा शहराच्या बाहेरचा. नाईल नदीचं पाणी भातशेतांना नेणारा एक कालवा आहे, त्यातला. वगदी मास्तरांनी मला तिथून विरळ फडक्यात धरून आणलं. शाळेत भूगोल शिकवून नुकतेच मोकळे झालेले ते गृहस्थ. त्यांनी माझ्यासाठी वाळू सात पाण्यांनी धुतली आणि निम्मी फुटलेली कुंडी पालथी घालून मला घर करून दिलं. रोज संध्याकाळी चहाचा पेला घेऊन ते समोर बसत आणि एखाद्या मुलाशी बोलावं तसं बोलत. त्यांना मूलबाळ नव्हतं. पेटीत पिल्लं झालेली बघावी, एवढी एकच त्यांची हौस होती.

पहिल्यांदा माझं तोंड भरलं तेव्हा मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी खालच्या वाण्यापासून गच्चीवरच्या कबुतरवाल्यापर्यंत सगळ्यांना बातमी दिली. इमारत लोटली. कुणी काचेवर टिचक्या मारल्या, कुणी दिवा जवळ धरला. तिसऱ्या दिवशी भीतीने माझा तोल गेला आणि मी ती सगळी अंडी गिळली. सांगताना आजही कल्ले थरथरतात.

“दृष्ट लागली,” मास्तरांच्या पत्नी राविया म्हणाल्या. “दिवस गेलेल्या बाईची कुणी अशी दवंडी पिटतं का हो? पुन्हा झालं तर जिभेला कुलूप. सख्ख्या भावालासुद्धा सांगायचं नाही.”

पुन्हा झालं, ते पुढच्या उन्हाळ्यात. दोघं बारा दिवसांसाठी मतरूहला समुद्रावर, रावियाबाईंच्या बहिणीकडे निघाली होती. सामान बांधून झालं होतं, आणि नेमकं त्याच सकाळी मी अंडी तोंडात घेतली. मास्तरांनी पाहिलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने ओठांवर बोट ठेवलं.

किल्ली वरच्या मजल्यावरच्या हाज्जा नागियांना दिली आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीत एवढंच होतं: ‘एक दिवसाआड चिमूटभर खाणं. करडी मादी खाणार नाही, तिला तशीच राहू द्यावी. पाणी घालायचं झाल्यास आदल्या दिवशी बादलीत भरून उघडं ठेवावं.’ का खाणार नाही, ते लिहिलं नव्हतं.

हज करून आलेल्या म्हणून सगळे त्यांना हाज्जा म्हणायचे. हाज्जा नागिया म्हणजे मायेचं भांडं, तेही काठोकाठ. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, लेक परमुलखात. प्रेषितांच्या स्तुतीची पदं त्यांना शेकड्यांनी पाठ होती. तरुणपणी कुठल्याही संताच्या जत्रेत चांगला गाणारा येणार असला, की नवऱ्याला ओढत घेऊन जायच्या म्हणे. पहिल्या सकाळी त्या गुणगुणतच आत आल्या. त्यांचा आवाज काचेतून पाण्यात उतरला, पाण्यातून माझ्या कुशीला लागला, आणि मला वाटलं, चला, आपण चांगल्या हातात पडलो.

मग त्यांनी चिठ्ठी वाचली.

“चिमूटभर? तेही एक दिवसाआड?” त्या काचेला नाक लावून म्हणाल्या. “हा मास्तर बायकोलाही असंच वाढतो की काय? आणि हे बघा, ‘खाणार नाही, राहू द्यावी’! माझ्या राखणीत कुणी उपाशी राहिलंय का आजवर? चल गं पोरी, खा.”

त्यांनी डबीतलं खाणं मूठभर टाकलं. दुसऱ्या दिवशी भाकरीचा चुरा, तिसऱ्या दिवशी अंड्याचा बलक. बाकीचे मासे तुटून पडले. मी कुंडीत मागे सरले.

“माझ्या गळ्याची शपथ, एक तरी घास!” हाज्जा विनवायच्या. “अगं, काय चुकलं माझं? माझ्या घरातून पाहुणा ताटाला हात न लावता कधी उठला नाही.”

तोंड उघडून कसं सांगणार, मित्रांनो? तोंडात माझं सगळं जग होतं.

उरलेलं अन्न वाळूत कुजू लागलं. पाणी भाताच्या पेजेसारखं झालं. पाचव्या दिवशी दोन छोटे मासे उलटे तरंगताना दिसले आणि हाज्जांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. पाठीचा काटा वर आलेला, गाल मात्र टम्म फुगलेले. त्यांनी गॅलरीत जाऊन धाकट्या भावाला, बयूमीला हाक मारली. खालीच बाजारात त्याचं खारवलेल्या मासळीचं दुकान होतं.

“ताई, हिच्या घशात काहीतरी अडकलंय,” बयूमीने एका नजरेत निकाल दिला. “चिमटा आण. जबडा उघडून काढून देतो, एका मिनिटाचं काम.”

“तुला जमेल?”

“तीस वर्षं मासे हाताळतोय!”

“ते मेलेले, बयूमी. मेलेले मासे तक्रार करत नाहीत.”

“मग मरू दे हिला उपाशी. मास्तरला तूच सांग.”

हाज्जांनी जाळी घेतली. मी कुंडीतून पळाले, पेटीतल्या हवेच्या पंपामागे लपले, पण जाळी मागून आली. त्या क्षणी आई मासोळीला दोनच गोष्टी सुचतात, थुंकणं नाहीतर गिळणं. थुंकलं तर पिल्लं त्या पेजेत गुदमरतील आणि इतर मासे त्यांना खातील. गिळलं तर पुन्हा तेच. माझी जीभ मागे ओढली जाऊ लागली. मी जबडा आवळला आणि ज्याने मला हे तोंड दिलं त्याचा धावा केला. दुसरं माझ्या हाती काय होतं?

बयूमी आत चिमटा शोधत होता. हाज्जांनी मला पाण्याच्या वाडग्यात सोडलं आणि वाडगा खिडकीच्या उजेडात धरला. श्वासासाठी मी तोंड किंचित उघडलं, तेवढ्यात त्या वाकल्या आणि तशाच गोठून राहिल्या.

“बाई गं!” त्या कुजबुजल्या. “डोळे आहेत आत. केवढे डोळे!”

मग त्यांच्या चेहऱ्यावरून एक सावली गेली. “म्हणजे मास्तरला ठाऊक होतं. आणि माझ्यापासून लपवलं? माझी दृष्ट लागते का रे, मास्तर?”

मागून पावलं वाजली. बयूमी चिमटा घेऊन आला. “हं, दे इकडे.”

हाज्जांनी वाडगा ओढणीआड घेतला. मित्रांनो, तोंडापर्यंत आलेली गोष्ट त्यांनी कशी आवरली असेल, ते मीच जाणे!

“काही अडकलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “घसा धरलाय तिचा. जा तू, दुकान बघ.”

“माशाचा घसा? ताई, तुला ऊन लागलंय!”

“जा म्हटलं ना!”

दार लागल्यावर त्यांनी मला हळूच पाण्यात सोडलं. “तुझ्या धन्याचंच खरं, बाई,” त्या म्हणाल्या. “असलं कुणाला सांगू नये.” गळ्यातल्या साखळीतला, दृष्ट टाळणारा निळा मणी काढून त्यांनी पेटीच्या कोपऱ्याला बांधला. मग चिठ्ठी पुन्हा काढून एकेक शब्द बोटाने दाबत वाचली. बादलीत पाणी भरून उघडं ठेवलं. चहाच्या गाळणीने कुजलेली भाकरी वेचली. दुसऱ्या दिवशी जुनं पाणी थोडं काढलं, नवं थोडं घातलं, आणि रोज तेच करत राहिल्या. गारव्यासाठी आणि आडोशासाठी काचेवर एक ओली चादर टाकली, तिचा एक कोपरा तेवढा उघडा ठेवला.

सगळ्यात कठीण काम मात्र पुढे होतं. माझ्यासमोर रिकाम्या हाताने बसणं. हात सवयीने डबीकडे जायचा, मग त्या तो मांडीखाली दाबून धरायच्या आणि एखादं पद म्हणायला लागायच्या. दयेचं, वाट बघण्याचं, देणाऱ्याच्या वेळेचं. माझी पिल्लं ते ऐकत वाढली. आजही मी म्हणते, त्यांना दोन आयांनी वाढवलं, एकीने तोंडात आणि एकीने सुरात.

अकराव्या दिवशी दुपारी मी जबडा सैल केला. एक बाहेर आलं, मग चार, मग धुराच्या लोटासारखी सगळीच. हाज्जा उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. तोंडावर हात दाबून त्या देवाचं नाव घेत रडत होत्या. थोड्या वेळाने पिल्लं घाबरून परत माझ्या तोंडात घुसली, तेव्हा मात्र त्या मोठ्याने हसल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि रावियाबाई आली. हाज्जा दारातच उभ्या होत्या. “आधी वाईट ऐका. भाकरी घालून तुमचे दोन मासे मी मारले. आता आत या, पण हळू.”

मास्तर पेटीपुढे गुडघ्यांवर बसले. रावियाबाई हाज्जांचा हात धरून म्हणाल्या, “चूक आमची, हाज्जा. का खाणार नाही, एवढे दोन शब्द लिहिले असते तर...”

“लिहिले असते तर मी बयूमीला सांगितलं असतं,” हाज्जा म्हणाल्या, “आणि बयूमीने अख्ख्या बाजाराला!”

मित्रांनो, त्या घरात पुढे माझी अनेक वेतं झाली. आता मी थकले, तोंडात पिल्लं धरण्याचं बळ राहिलं नाही, पण माझ्या नाती-पणत्या त्याच वाळूतल्या खड्ड्यांत अंडी घालतात. मनात रुसवा काही नाही, सगळी कृतज्ञताच आहे. मास्तरांच्या गप्प बसण्याबद्दल, हाज्जांच्या मुठीबद्दल, आणि ती मूठ वेळेवर मिटली त्याबद्दलही. सुटीला जाताना तुम्ही आपला मुका जीव कुणाच्या हाती सोपवाल, तेव्हा काय करायचं ते सांगाच, पण का करायचं तेही सांगा. आणि तुमच्या हाती कुणी असा जीव सोपवला, तर मायेने त्याला भरवण्याआधी क्षणभर वाका, उजेडात नीट बघा. न खाणारं तोंड रिकामंच असतं असं नाही.