न वाचलेली चौकट

"जय भीम, दादा. सोबती बोलून नाही राहिला," मनकर्णा कळमेश्वरहून फोनवर सांगत होती. "कायबी उघडलं का एकच म्हनते, परवाना घ्या, परवाना घ्या."

धम्मानंदची कळी खुलली. लोकांना गरम भजी दिसल्यावर होतो तेवढा आनंद त्याला सॉफ्टवेअरमधला बग, म्हणजे चूक, सापडल्यावर होई. "थांब वं, असं नाही. पहिले काय दाबलं ते सांग, मंग काय ऐकू आलं ते सांग. आपल्या मनचं कायी जोडू नको."

मनकर्णाला दिसत नव्हतं आणि धम्मानंदलाही जन्मापासून दिसत नव्हतं. ती शाळेत शिकवायची, तो सीताबर्डीतल्या एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होता. सोबती म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला. चूक सापडली तर कोणीही कळवावी, जमली तर दुरुस्तीही पाठवावी. सुरू केला तो ऋषिकेशने, धम्मानंदच्या कॉलेजातल्या डोळस मित्राने. पण सोबतीला धड बोलायला लावलं धम्मानंदने. आधी नुसत्या चुका कळवून, मग ऐकून ऐकून कोड शिकून. बायको गोपिका म्हणायची, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजता. तो म्हणायचा, "भाजू दे वं. खानारे आपलेच हायेत."

त्याच्या संगणकावरही सोबती तेच घोकू लागला, तेव्हा त्याने कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मेघाला सोबतीची वेबसाइट वाचायला सांगितली. मेघा वाचता वाचता अडखळली.

"भाऊ, हा बग नाही. सोबती एका कंपनीनं घेतला. आता विकत हाय. इथं लिवलं हाय, कोड लिहिनाऱ्या सगळ्यायच्या संमतीनं. पहिलं नाव तुमचंच हाय."

"माह्यं? मी कवा देली संमती?"

"गेल्या महिन्यात."

गेल्या महिन्यात ऋषिकेशचा फोन आला होता खरा. "नवी आवृत्ती टाक गा. एक चौकट येईन, 'ठीक आहे' दाब, बस." सोबतीला एक खोड होती. अचानक उघडणाऱ्या छोट्या चौकटीतला मजकूर तो वाचत नसे, खालचं बटण तेवढं वाची. ती खोड धम्मानंदनेच शोधून कळवली होती, दुरुस्तीही पाठवली होती. "पुढच्या खेपेले घेऊ," म्हणून ऋषिकेशने ती ठेवून दिली होती. एरवी अशी चौकट आली की धम्मानंद मेघाकडून वाचून घेई. त्या दिवशी घेतली नाही. मित्राने दाब म्हटलेलं बटण आता तिसऱ्याकडून तपासून घ्यायचं? छे! त्याने "ठीक आहे" ऐकलं आणि दाबलं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. गळाही आपला आणि केसही आपणच उपटून दिलेला. धम्मानंदला इतका संताप आला की दुपारभर त्याने चुकीचे फोन जोडले.

संध्याकाळी धम्मानंदने बोलावल्यावरून व्हरायटी चौकाजवळच्या टपरीवर ऋषिकेश आला. नेहमीसारखे दोन चहा सांगितले.

"त्या चौकटीत काय लिवलं होतं?" धम्मानंदने विचारलं.

"कोडचे हक्क कंपनीले द्याची संमती."

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू हो म्हटलं असतं का?"

"नाही."

"मंग?" ऋषिकेशचा आवाज चढला. "एवढे वर्सं फुकट राबलो मी. तुले पगार हाय गा. मले काय हाय? तिकडं बेसा वस्तीतला फ्लॅट अर्धवट पडला हाय, पोरगी मोठी होऊन राहिली."

यातलं काही खोटं नव्हतं. मोकळेपणाने सांगितलं असतं तर धम्मानंद भांडला असता, आणि कदाचित दुसरा मार्गही शोधून दिला असता.

"तुह्यासाठी जन्मभराचा परवाना मागून घेतला मी," ऋषिकेश हळूच म्हणाला.

"आन् मनकर्णाले?"

चहावाल्याने कप आणून ठेवले.

"ऋषी, मले लोकायनं लय फसवलं," धम्मानंद म्हणाला. "कोनी खोटी नोट देली, कोनी ऑटो गावभर फिरवला. मले दिसत नाही, एवढंच त्यायले ठाऊक होतं. नेमकं कुठं दिसत नाही, ते कोनालेच ठाऊक नव्हतं. तुले मीच कळवलं होतं."

तो उठला. मेट्रोसाठी रस्ता ओलांडायचा होता. ऋषिकेशही उठला आणि कॉलेजपासूनच्या रिवाजाप्रमाणे त्याने आपलं कोपर धम्मानंदच्या हाताला लावलं. हात आपसूक वर गेला, त्याने कोपर धरलंसुद्धा. मग सोडून दिलं.

"ओ भाऊ," जवळून जाणाऱ्या चपलांच्या आवाजाला त्याने हाक मारली, "जरा पलीकडं सोडता का?"

"चला नं काका," म्हणत कुणी अनोळखी माणूस थांबला. धम्मानंदने त्याचा दंड धरला आणि त्याच्यासोबत रस्त्यात पाऊल टाकलं.