दोघांचं मिळून वजन

“सहाशे चाळीस,” काटेवाले म्हणाले.

मुलीने फलकावरचा तळहात बाजूला केला. बटाट्याचे तळलेले काप आणि त्यांवर ओघळणारे चीज, असे ते चित्र होते. खाली बारीक अक्षरांत कॅलरी छापल्या होत्या. सहाशे चाळीस.

“बाबा, तू तर पाठच केलंस सगळं.”

“मग काय करू? खायचं नाही तर निदान वाचावं.”

“आणि हे?” तिने शेजारच्या खिडकीवरचा आकडा झाकला. आइस्क्रीमचा उंच पेला होता. “किती?”

“चारशे दहा. वरची चेरी सोडून.”

ती हसली. हसली की तिला धाप लागायची, म्हणून तिची आई लगेच पाण्याची बाटली घेऊन पुढे झाली. पार्कच्या फाटकातून आत आल्यापासून बापलेकीचा हा खेळ चालला होता. प्लास्टरचा किल्ला, छोटी आगगाडी, माणसांना उलटेपालटे करणारे झुले बघायला लोक लांबून आले होते. हे दोघे मात्र खाण्याच्या दुकानांचे फलक वाचत हिंडत होते, आणि त्यातले काहीही त्यांना चालणार नव्हते. मुलीला मीठ बंद होते आणि बापाला बाकी सगळे.

काटेवाले हे काही त्यांचे नाव नव्हे. हमरस्त्याच्या कडेला ट्रकांचा वजनकाटा असतो, त्याच्या खोलीत ते बसत. जमिनीत बसवलेल्या काट्यावर भरलेला ट्रक चढतो, खोलीत आकडा उमटतो, त्यातून रिकाम्या ट्रकचे वजन वजा केले की मालाचे वजन कळते. या एका वजाबाकीत त्यांचे आयुष्य गेले. एक चाक हळूच काट्याबाहेर ठेवणारे, इंजिन चालू ठेवून आकडा नाचवणारे, सगळे नमुने त्यांनी बघितले होते आणि एकालाही दाद दिली नव्हती. “गाडी बंद. हलायचं नाही. आणि आकडा मी स्वतः बघणार, तुझ्या तोंडचा नको,” हे त्यांचे वाक्य ड्रायव्हर लोक नक्कल करून एकमेकांना ऐकवत.

मुलीचे यकृत गेले होते. वर्षापूर्वी ती कॉलेजात चक्कर येऊन पडली, तेव्हापासून ते जातच होते. डॉक्टरांनी सरळ सांगितले, दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवायचा, याशिवाय इलाज नाही. आईचा रक्तगट जुळला नाही. बापाचा जुळला, पण बापाच्या यकृतावर चरबी निघाली. “वजन चौऱ्याण्णव आहे. पंच्याऐंशीच्या खाली आणा, चरबी आपोआप उतरेल. दोन महिने देतो. त्यापुढे तिची तब्येत ऑपरेशन सोसणार नाही,” डॉक्टर म्हणाले होते. ते दोन महिने येत्या गुरुवारी संपत होते.

काटेवाल्यांनी खाणे सोडले म्हणजे सोडलेच. ड्रायव्हर मंडळी प्रेमाने आणून देत ते तळण, दर दोन तासांचा गोड चहा, रात्री झोपण्याआधीचे बिस्किट, सगळे बंद. बायको डब्यात उकडलेल्या भाज्या द्यायची, आणि नवल म्हणजे त्या इतक्या चवदार लागायच्या की ते रोज घरी आल्यावर म्हणत, “तुझ्या हाताला काय चव आहे गं. उकडलेलंसुद्धा गोड लागतं.” ती मान खाली घालून डबे घासायची.

दर रविवारी सकाळी वजन. बाथरूमच्या दाराशी काटा मांडायचा आणि काटेवाल्यांनी त्यावर ताठ उभे राहायचे. वाकायचे नाही, कारण वाकले की आकडा हलतो. आणि न वाकता त्यांना पोटापलीकडचे काही दिसत नसे. म्हणून बायको खाली बसून आकडा वाचायची. ब्याण्णव. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. गेल्या रविवारी चौऱ्याऐंशी. त्या दिवशी ते काट्यावरून उतरले आणि भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. पट्टा अजून त्याच भोकात कसा लागतो, ही शंका त्यांनी एकदा बोलून दाखवली होती. “चामडं आहे, आखडतं,” ती म्हणाली. त्यांना ते पटले. पटवून घ्यायचेच होते.

सहल ही मुलीची मागणी. “नंतर सहा महिने कुणी घराबाहेर सोडणार नाही. आधी मला दोन दिवस पार्कला ने. लहानपणापासून पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करतोयस.” डॉक्टर म्हणाले, जा, पण हळू. आहारवाल्या बाईंनी काटेवाल्यांना फोनवर बजावले, डबा घरचा खा, पाणी भरपूर प्या, येताजाता तोंडात काही टाकू नका आणि दुकानांसमोर रेंगाळू नका. शेवटचे सोडून त्यांनी सगळे पाळले होते. उतरायच्या खोलीत शेगडी होती, तिच्यावर बायकोने पहाटेच डबे केले होते.

किल्ल्यापाशी अस्वलाचा पोशाख घातलेला एक जण मुलांना खेळवत होता. त्याने आपला मऊ पंजा काटेवाल्यांच्या पोटावर थापला, दोनदा. पोरे खिदळली.

“अरे, बरंच उतरलंय हे,” काटेवाले त्याला म्हणाले. “आधी भेटायला हवा होतास.”

मुलगी हसली. बायको दुसरीकडे बघत होती.

झाडाखाली बसून तिघांनी डबे उघडले. मुलीच्या डब्यात बिनमिठाचे पांढरे काहीतरी होते. तिने बापाच्या डब्याकडे हात नेला. “एक फोड दे ना. तुझं किती छान दिसतंय.”

“हात लावू नकोस,” आई इतक्या तीव्रपणे म्हणाली की दोघेही दचकले. मग तिनेच आवाज खाली आणला. “मीठ आहे गं त्यात. तुला चालतं का?”

जेवण झाल्यावर मुलीने पाळण्याचा हट्ट धरला. जोरात फिरणारे सगळे तिला मना होते. हा पाळणा म्हणजे तारेवरून संथ सरकणारी दोघांपुरती पेटी, झाडांवरून आणि तळ्यावरून जाऊन परत येणारी. “वरून सगळा पार्क एकदम दिसतो,” ती म्हणाली. “पायही वाचतील.” चढायच्या जागी जमिनीत एक काटा बसवला होता आणि समोर आकड्यांची पाटी. ती बघून काटेवाल्यांना माहेरी आल्यासारखे वाटले.

“दोघांचं मिळून वजन एकशे तीसच्या आत पाहिजे,” पाळणेवाला म्हणाला. “तार जुनी आहे. चपला काढून उभे राहा.”

“एकशे पंचवीस भरेल. ही एकेचाळीस, परवाच दवाखान्यात मोजलंय. मी चौऱ्याऐंशी.” मुलीचा हात धरून ते काट्यावर चढले. “हलू नकोस हं.”

पाटीवरचा आकडा थोडा खालीवर झाला आणि स्थिरावला. एकशे छत्तीस.

“नाही जमणार, काका. पुढचे या.”

वजाबाकी त्यांच्या मनात आपोआप होऊन गेली. ती थांबवायला त्यांना सवडच मिळाली नाही.

“माझंच असेल, बाबा,” खाली उतरताना मुलगी म्हणाली. “पायाला सूज आहेच. पाणी वाढलं असेल.” तिचा आवाज ओशाळलेला होता, जसे काही तिच्याच हातून काहीतरी सांडले होते. “मी जरा तोंड धुऊन येते.”

ती दिसेनाशी होईपर्यंत काटेवाले थांबले. मग पाळणेवाल्याला म्हणाले, “भाऊ, मी एकटा उभा राहू का जरा?”

“राहा की.”

त्यांनी आधी काटा रिकामा असताना पाटी बघितली. शून्य होते. मग चढले आणि श्वास धरून उभे राहिले. पंच्याण्णव. दोन महिन्यांपूर्वी होते त्यापेक्षा एक किलो जास्त.

बायको कठड्याजवळच्या बाकावर पिशव्या सांभाळत बसली होती. ते शेजारी येऊन बसले.

“किती आलं?” तिने विचारले.

“तू सांग. वाकून तूच वाचतेस.”

तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

“पहिल्या रविवारचं ब्याण्णव खरं होतं,” ती म्हणाली. “तेव्हाच मी घाबरले. म्हटलं, हे तर खरंच उतरवतील. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या भाजीत लोणी घालायला लागले. साय, बदामाची पूड, मिळेल ते.”

“का?”

“तुम्हाला दोघांना एकाच दिवशी आत नेणार, अहो. तुम्ही रक्त द्यायला गेला होतात, तेव्हा डॉक्टरांनी मला एकटीला सगळं सांगितलं. देणाऱ्यालाही थोडा का होईना धोका असतो म्हणाले. आणि तिची तर निम्मीच आशा धरा म्हणाले.” ती समोर बघत बोलत होती. “मी बाहेर बाकावर बसलेय आणि कुणीतरी दार उघडून सांगतंय, दोघंही. रोज मला तेच दिसायचं. ती तर हातातून चाललीच आहे. म्हटलं, निदान तुम्ही.”

काटेवाल्यांना ओरडावेसे वाटले आणि तिला जवळ घ्यावेसेही वाटले. त्यांनी दोन्हींतले काही केले नाही. राग भयंकर आला होता, पण तो ठेवायचा कुठे हे त्यांना कळेना. गुरुवारला चार दिवस होते. चार दिवसांत दहा किलो कुणाचे उतरत नाहीत. डॉक्टर मान हलवतील, आणि त्यानंतर कुणाकडे काही मागायचे उरणार नाही. लेक जाणार, हे त्यांना त्या बाकावर पहिल्यांदा स्पष्ट कळले.

“तिला मी सांगते,” बायको म्हणाली. “काय बोलायचं ते बोलू दे मला.”

“गप्प बस.”

मुलगी परत येत होती. तोंड धुतलेले होते आणि डोळ्यांतला पिवळेपणा उन्हात जास्तच दिसत होता. ती उभ्याउभ्याच म्हणाली, “आई, दवाखान्यात फोन करूया का? दोन दिवसांत अकरा किलो पाणी म्हणजे खूप झालं ना? मग गुरुवारी ते मलाच नको म्हणतील.” ती घाबरली होती आणि ते दिसू नये म्हणून हसत होती.

बायकोने तोंड उघडले. काटेवाल्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला, जरा जोरातच.

“तुझं नाही ते,” ते म्हणाले. “माझं आहे. मी खात होतो.”

“काय?”

“कामावर. ड्रायव्हर लोक आणतात ते. तळलेलं, गोड. नाही म्हणवत नव्हतं. घरचा डबा कुत्र्यांना घालायचो.”

“पण चौऱ्याऐंशी झालं होतं ना? आईने वाचलं होतं.”

“काट्याच्या खाली शून्य जुळवायचं एक चाक असतं. ते फिरवून ठेवलं होतं मी. तुझी आई काय, दिसेल ते वाचणार. माझा तर धंदाच आहे तो.”

एवढ्या वर्षांत एका किलोची लबाडी त्यांनी कुणाची चालू दिली नव्हती, स्वतः करणे तर दूरच. मुलीला हे माहीत होते. कॉलेजात मैत्रिणींना ती बापाच्या गोष्टी सांगायची. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि ती चिडली असती तर फार बरे झाले असते.

“बरं,” ती शेवटी म्हणाली. “म्हणजे माझं पाणी नाही वाढलं.”

“नाही. तू एकेचाळीसच आहेस.”

तिने मान डोलावली, आईच्या पिशवीतून पाकीट घेतले आणि समोरच्या दुकानाकडे निघाली. ती पाय ओढत, हळूहळू चालत होती.

“असं का सांगितलंत?” बायको रडत होती, पण आवाज होऊ देत नव्हती. “आता तुमच्याकडे ती कधी बघेल का?”

“तिला तू लागणार आहेस,” काटेवाले म्हणाले. “शेवटपर्यंत.”

मुलगी हातात कागदी ताटली घेऊन परत आली. बटाट्याचे तळलेले काप, वर चीज. ताटली तिने बापाच्या मांडीवर ठेवली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, आईच्या पलीकडे जाऊन बसली.

“खा, बाबा,” ती म्हणाली. “आता लपून कशाला खायचं.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती फक्त दमलेली होती. तिने डोके आईच्या खांद्यावर टेकले आणि ती तळ्यावरून जाणाऱ्या पाळण्यांकडे बघत बसली.

काटेवाल्यांच्या हिशेबाने तळलेल्याचा हा त्यांचा दोन महिन्यांतला पहिला घास होता. त्यांनी तो गिळला आणि दुसरा घेतला. एकेक करून त्यांनी सगळे काप खाल्ले. कागदाला चिकटलेले थंड चीजसुद्धा बोटाने निपटून घेतले. मग ताटलीची घडी केली आणि ती हातात धरून बसले. किती, असे या खेपेला तिने विचारले नाही.