हैबतीची पावर

१९३१ सालचा शिमगा. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत देवीच्या पालखीचा पुढचा खांदा येसाजीच्या घरचा मान होता. पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या मुक्कामाच्या दगडी ओट्यावरून, उठली की बावीस घरं फिरून परत येईपर्यंत तो खांदा त्या घरच्याच माणसानं सांभाळायचा. अर्ध्यावर सोडला तर मान कायमचा दुसऱ्या भावकीत, कोंडाजीकडे जायचा. येसाजी सत्तरीला टेकलेला, म्हणून त्या वर्षी त्याचा मुलगा हैबती मुंबईच्या गिरणीतून आठ दिवस आधीच आला.

येताना एक शास्त्रही घेऊन आला. गिरणीजवळच्या कुण्या कंपाउंडरनं त्याला ते शिकवलं होतं.

"सणात माणूस गळतो कशानं? खात नाय म्हणून! अंगात पावर पायजे गो, पावर!"

त्याची बायको बनुबाई जात्यावर होती. तिनं मान हलवली आणि दळत राहिली. त्या दिवसापासून सकाळी चार अंडी, वर तुपातला शिरा, दुपारी कोंबडीचा रस्सा, झोपताना तांब्याभर दूध, असा खुराक सुरू झाला. बनुबाई झऱ्यावरून पाणी आणी, अंगण सारवी, होळीची लाकडं डोक्यावर वाही, आणि सगळ्यांची पानं उचलून झाली की चुलीपाशी बसून भाकरीचा तुकडा खाई. बायकांना सणात पावर कुठून येते, हे कंपाउंडरला कुणी विचारलंच नव्हतं.

येसाजी आपली नाचणीची आंबील पीत बसे.

"बाबा, त्या आंबिलीत काय सत्त्व हाय?"

"माज्या दातांना तेवढीच जमते रे."

पालखीच्या दिवशी हैबतीनं सकाळीच परातभर शिरा पुढ्यात ओढला. बनुबाईला राहवेना.

"आवो, घरोघर पोळी खावी लागंल. पोटाला जागा ठेवा."

"इंजनात कोळसा घातल्याबिगर गाडी हालते काय? गप वाढ."

प्रत्येक अंगणात पालखी पाटावर टेकायची, आणि घरची बाई खांदेकऱ्यांना तुपानं निथळणारी पुरणपोळी द्यायची. नको म्हणणं म्हणजे देवीला नको म्हणणं. जुने खांदेकरी एक घास मोडून उरलेली पोळी उपरण्यात बांधत. हे कुणी कुणाला शिकवत नसे, पाहून कळे. पण हैबती पोरवयातच मुंबईला गेलेला. मागच्या खांद्यावरच्या कोंडाजीनं पोळी बांधलेली पाहून तो हसला.

"प्रसाद बांधतोस काय रे? खा की!"

"तू खा बाबा. तुज्या पावरचं हाय ते," कोंडाजी म्हणाला, आणि त्या घरच्या ठकूबाईकडे वळला. "वयनी, हैबतीला आणखी एक वाढा गो."

सात घरं झाली. नवव्या घरी हैबतीचे डोळे तारवटले. बाराव्या घराच्या चढणीखाली तो बांधावर बसला तो बसलाच. घामानं थबथबलेला, पोट आवळून धरलेला. ढोल थांबले. कोंडाजी शांतपणे मिशीला पीळ देत पुढे सरकला.

बनुबाई बायकांच्या घोळक्यातून सरळ सासऱ्यापुढे गेली.

"मामंजी, आपल्या घरचं कोन हाय आता?"

येसाजीनं काठी तिच्या हातात दिली, धोतराचा काचा मारला आणि खांदा लावला. पहिल्या दोन पावलांना म्हातारा डगमगला. मग ढोल वाजला आणि पाय आपोआप पडू लागले. उरलेली अकरा घरं त्यानं एक एक घास खात, उपरणं भरत नाचून काढली. मान घरात राहिला.

वाडीनं मात्र अर्थ आपल्या सोयीनं लावला. पोरानं बापाला आठ दिवस अंडी चारली असणार, त्याशिवाय का म्हातारा असा नाचला! पुढच्या शिमग्याआधी वाडीत औषधालासुद्धा अंडं मिळेना.

येसाजी आणखी चार शिमगे जगला. कोंडाजी महाडच्या बाजारात पोह्यांचा धंदा करू लागला आणि तिकडेच राहिला. हैबती गिरणीतून सुटल्यावर गावी परतला; शेती केली, दोनदा पंच झाला. बनुबाई म्हातारपणी लेकीकडे, तुळसाकडे शिवथरला गेली. पंच्याऐंशीव्या वर्षी, भाताच्या लावणीला बांधावर बसून तुळसाच्या सुनांना ओरडत असताना, तिथेच बसल्या जागी गेली.